चौथं पेर

२ ऑगस्ट, वडनेर

चार वर्षांनी वही उघडली. मागची वही माझी बायको कमला गेली त्या आठवड्यात मिटली होती. नंतर लिहिण्यासारखं काही घडलं नाही, किंवा घडलं ते मी पाहिलं नाही.

ही वही भावनाने दिली. माझी धाकटी नात, नागपूरच्या शेतकी कॉलेजात किडे शिकते. लोकांच्या पोरी माणसांच्या डॉक्टर होतात, आमची किड्यांची होणार. महिनाभर ती गडचिरोलीकडे फिरतीवर चालली आहे, म्हणून झाकणाला जाळी लावलेले तीन डबे माझ्या खिडकीत ठेवून गेली.

"आबा, हे पानभुंगेरे. सारे एकाच कुळातले, उपकुळं वेगवेगळी. रोज सकाळी मोजायचं. अंडी किती, अळ्या किती, मेले किती. जे दिसलं तेच लिहायचं. कविता नाई."

"अन् कविताच दिसली तं?"

"तं ती मागच्या पानावर."

पहिल्या डब्यात गाजर गवत आणि त्यावरचे आठ मेक्सिकन भुंगेरे, दुधाळ पाठ अन् तिच्यावर तपकिरी रेघा, जणू कुणी बोरूने वळणदार अक्षर गिरवलंय. दुसऱ्यात बेशरमीची पानं आणि कासव-भुंगेरे. ते काय सांगावं! अंगावर जिवंत सोन्याचा मुलामा. तिसरा डबा रिकामा. "यातला तुम्हीच शोधा," म्हणाली आणि हसली. "घरातच आहे."

जाताना भिंगातून तिने एका भुंगेऱ्याचं पाऊल दाखवलं. तिसरं पेर मधोमध दुभंगलेलं, खाली केसांची मऊ गादी, म्हणून गुळगुळीत पानावरही तो घसरत नाही. एकूण पेरं किती ते मोजायला सांगितलं. मी मोजली, चार. पुन्हा मोजली, चारच.

"पाच आहेत आबा. चौथं पेर तिसऱ्याच्या खाचेत लपून राह्यते. या कुळाची ओळखच ती. लपलेलं धरल्याशिवाय मोजणी पुरी होत नाई."

पस्तीस वर्षं मी पोरांची हजेरी घेतली. बाकाखाली दडलेला एकही पोरगा माझ्या हातून सुटला नाही. पण हे पेर सुटलं.

आणखी एक गोष्ट तिने दोनदा बजावली. हात लागला की हे भुंगेरे टपकन खाली पडतात, पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग घेतात. त्यांना मेलेले मोजू नये. खरं मरण कासव-भुंगेऱ्यावरून ओळखायचं. जीव गेला की त्याचं सोनं उतरतं.

४ ऑगस्ट

गाजर गवताच्या पानाखाली अंडी: सतरा. फिक्की पिवळी, लांबट, झुबक्याने चिकटवलेली. कासवं: सहा. मेले: कुणी नाही.

थोरली नात वर्षाली बाळंतपणाला माहेरी आली आहे. बाळ सदतीस दिवसांचं. मुलगी. मधल्या खोलीत पाळण्याच्या जागीच छप्पर गळतं म्हणून दिवसा पाळणा माझ्या खोलीत असतो. दुपारी वर्षाली जरा पडते, तेव्हा पाळण्याची दोरी माझ्या हाती. एका बाजूला अंडी, एका बाजूला बाळ. दोन्हींकडे लक्ष ठेवण्याचं काम या वयात मिळालं, आणखी काय हवं?

सूनबाई मात्र कडक. नंदिनीने आज खिडकीच्या फटींत बोळे कोंबले.

"बाबा, खिडकी उघडू नोका. बाळाले वारा लागते."

"अगं, भुंगेऱ्यांना हवा लागते."

"भुंगे मेले तं दुसरे येतीन."

बोळे कसले, तर कमलाच्या जुन्या साड्यांचे. बाळाची दुपटी करायला नंदिनीने ट्रंकेतल्या मऊ साड्या काढल्या आहेत. पोपटी काठाची, बारीक जांभळ्या फुलांची सुती साडी टर्रकन फाटली तेव्हा मी अंगणात जाऊन उभा राहिलो. ती साडी नेसून कमला पहिल्यांदा वडनेरला आली होती. पण पणतीच्या अंगाखाली जाणार म्हणजे चांगलंच झालं. उरलेल्या चिंध्या नंदिनीने दोरीवर टाकल्या आहेत, लागतील तशा.

७ ऑगस्ट

अळ्या: अकरा. कासवांच्याही अळ्या निघाल्या. मेले: कुणी नाही.

सकाळी नत्थूजी आला. शेजारच्या गल्लीत एकटाच राहतो, लेक पुण्याला. चौथीपासूनची आमची जोडी. मी कविता पाठ म्हणायचो आणि तो माझ्या मागून ओठ हलवायचा. श्रावण लागला की त्याला दमा गाठतो. दाराशी येईपर्यंत तीनदा थांबला.

"जयभीम गुर्जी. काय करून राह्यला?"

"ये नत्थू. हा बघ, कासव-भुंगेऱ्याचा पोरगा."

भिंगातून त्याने पाहिलं. या अळीच्या शेपटीला काटेरी शिंगं असतात. आपली टाकलेली कात आणि आपलीच विष्ठा ती त्यांवर रचते आणि छत्रीसारखी पाठीवर धरते. मुंगी आली की छत्री तिच्या तोंडावर.

नत्थूजी बघतच राहिला. "हात् तिच्या! म्हणजे हा तं आमच्या सरपंचासारखा. गू डोक्शावर घेऊन फिरते अन् कोनाले जवळ येऊ देत नाई."

हसता हसता त्याला जी ढास लागली, ती थांबेना. वर्षालीने पाणी दिलं. खाली बसून श्वास जमवत तो म्हणाला, "मधुकर म्हणजे भुंगाच न बे? तुह्या मायबापानं बरोब्बर नाव ठेवलं. या पोट्टीचं काय ठेवून राह्यला?"

बाळाचं नाव मी ठेवायचं असं ठरलं आहे. रोज एक सुचतं, रोज ते जुनं वाटतं. माझ्या वर्गात नावं कशी घुमायची! चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणायची तेव्हा कौलावरची चिमणी उडायची नाही, थांबून ऐकायची. मागच्या पानावर आज दोनच ओळी:

पाठीवर घेऊन आपलीच घाण
निघाला राजा, केवढा मान!

१० ऑगस्ट

तिसऱ्या डब्याचा धनी सापडला.

मागच्या खोलीत, माझ्या भिंतीला लागूनच, पत्र्याची कोठी आहे. तिच्यात रब्बीच्या पेरणीचा हरभरा. नंदिनी आज झाकण उघडून मोठ्याने ओरडली. मूठभर हरभरे हातावर घेतले तर दोन दाण्यांना सुईने कोरावीत तशी गोल भोकं, आणि तळहातावरून चालणारे इवलेसे तपकिरी भुंगेरे.

भावनाला फोन लावला. रेंज येत-जात होती. "हाच तो आबा! पूर्वी याले निराळं कुळ देत होते. आता पानभुंगेऱ्यातच घेतलं. पान खात नाई, पण गोत्र तेच."

त्याची जीवनकथा तिने सांगितली, ती मी डोळे मिटून ऐकली. मादी दाण्यावर पांढरं टिंब चिकटवते, तेच अंडं. अळी अंड्याच्या तळातूनच थेट दाण्यात शिरते. बाहेर कुणाला पत्ता नाही. तिचं खाणं, वाढणं, कोष, सगळं त्या बंद खोलीत. दाणा वरून टणक, शाबूत दिसतो. मग एक दिवस गोल झाकण ढकलून भुंगेरा बाहेर येतो, तोवर आत फक्त पीठ उरलेलं असतं. बाहेर आल्यावर तो जेवतही नाही.

"म्हणून दाणा चांगला दिसते म्हणजे चांगला असते असं नाई," ती म्हणाली.

किती सुंदर! माणसाच्या मनाचंही असंच असेल. पण नंदिनीला हे सांगायला गेलो तर ती म्हणाली, "पेरणीचा चणा गेला अन् बाबाले सौंदर्य दिसून राह्यलं."

पन्नास दाणे बरणीत घातले आणि बरणी तिसऱ्या डब्यात ठेवली.

१३ ऑगस्ट

पहिल्या डब्यातल्या नऊ अळ्या मातीत खाली गेल्या, कोषात. भावना म्हणते, आठ-दहा दिवसांनी मातीतून भुंगेरे होऊन येतील. हिवाळा लागला की मोठे भुंगेरेसुद्धा मातीत शिरून महिनोन् महिने निजतात आणि पाऊस आला की उठतात. आमच्याकडचं कुणी गेलं ते असं उठून आलं नाही.

बाळाला शिंका येतात. कमला असती तर क्षणात पुरचुंडी बांधली असती. ओवा आणि लसणाच्या पाकळ्या तव्यावर शेकून, जुन्या साडीच्या तुकड्यात बांधून पाळण्याच्या दांडीला, बाळाच्या नाकासमोर. आमच्या मुलासाठी, धम्मदीपसाठी बांधली, त्याच्या दोन्ही पोरींसाठी बांधली. धान्याच्या कोठीतही ती अशाच पुरचुंड्या टाकायची, निंबाचा पाला आणि हिंगाच्या. तिच्या कोठीत कधी भुंगा दिसला नाही, आणि तिच्या हाताखालच्या लेकराला कधी सर्दी टिकली नाही.

हे नंदिनीला सांगितलं. ती म्हणाली, "करीन न बाबा, सवड तं होऊ द्या." सवड कुणाला आहे? धम्मदीप हिंगणघाटच्या जिनिंगातून अंधार पडल्यावर येतो, शेताचंही तोच बघतो.

१५ ऑगस्ट

शाळेत झेंडावंदनाला गेलो. सरांनी खुर्ची दिली. पोरं कविता म्हणाली, पण मोबाईलवर लावलेल्या चालीवर. तरी तिसऱ्या ओळीला डोळे भरलेच.

अकराला घरी आलो तर धम्मदीप सुटीचा दिवस साधून मागच्या खोलीतून हात झटकत बाहेर येत होता. त्याने आणि नंदिनीने दारं लावून काहीतरी केलं होतं.

"बाबा, कोठीत औषध टाकलं. आठ दिवस झाकण उघडायचं नाई. सांगून ठेवतो, तुमच्या भुंग्यासाठी बी नाई."

"बरं बाबा."

मुलगा बापाला असं बजावतो तेव्हा बापाने मान हलवावी. औषध म्हणजे त्याचं नेहमीचं, फवाऱ्याच्या बाटलीतलं. तो उग्र वास मला ओळखीचा आहे. तसा काहीच वास आला नाही, म्हणजे थोडंच टाकलं असेल.

संध्याकाळी मात्र वेगळाच वास आला. लसणाचा, जरासा जुना, भिंतीच्या बाजूने. नंदिनीला विचारलं तर म्हणाली, आज लसूण फोडलाच नाही. परवा कमलाची पुरचुंडी आठवली आणि आज तिचा वास आला. हे कुणाला सांगायचं?

१६ ऑगस्ट

कोष: नऊ. कासवं: सहा, सुस्त. बरणीत तीन भुंगेरे बाहेर आले.

डोकं जड आहे. काल शाळेच्या मैदानात किती मोकळं वाटत होतं! खोलीत आलं की कपाळ आवळल्यासारखं होतं. वर्षालीही म्हणते, डोकं दुखून राह्यलं, झोप पुरत नाई. बाळाने दोनदा दूध काढलं. पावसाळी हवा.

भिंतीवरची पाल खाली पडली. वर्षानुवर्षं दिव्यामागे असायची. कागदावर घेऊन अंगणात ठेवली, पण चालली नाही. म्हातारी झाली होती.

आज एक चोरी केली. भावनाला बरणीसाठी आणखी दाणे हवे आहेत. दुपारी नंदिनी आणि वर्षाली बाळाला घेऊन डोसाच्या सुईसाठी आरोग्य केंद्रात गेल्या. मी कोठीचं झाकण उचललं. एकदाच, चार मुठी दाणे घ्यायला.

झाकण उचललं आणि तो वास अंगावर आला. लसूण! क्षणभर गरगरलं, डोळ्यांत पाणी आलं. दाण्यांत हात घातला तर बोटांना कापड लागलं. काढून पाहतो तर पुरचुंडी. पोपटी काठ, बारीक जांभळी फुलं. कमलाची साडी. शेजारी आणखी एक होती, तशीच, तशाच गाठीची.

मी खालीच बसलो. चार वर्षं ह्या इथे होत्या! दरवर्षी कोठी भरली, रिकामी झाली, आणि त्या तळाशी राहिल्या, कुणी पाहिल्या नाहीत. आत चाचपून बघितलं तर पाकळ्यांचा भुगा झालेला, मध्ये जरा टणक. वास मात्र अजून ताजा. तिच्या हाताला गुण होता तो असा.

दोन्ही पुरचुंड्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवल्या, वास उडू नये म्हणून. धम्मदीपला सांगितलं नाही. त्याने म्हटलं असतं, बाबा, फेका ते.

चारला नत्थूजीकडे गेलो. खाटेवर बसून तो धापा टाकत होता. खोलीची खिडकी, दार, सगळं बंद.

"हवा लागली का ढास येते," म्हणाला. "उद्या पाऊस उघडला तं गिरडले जाऊन येतो म्हणतो. बाबा फरीदच्या टेकडीवर गेलो का छाती मोकळी होते, दरवर्षी."

"तितकी टेकडी चढशील का बे?"

"नाई चढलो तं खालूनच हात जोडीन. थो बाबा का पायऱ्या मोजते?"

मला राहवलं नाही. सोबत नेलेल्या डब्यातली एक पुरचुंडी त्याच्या हातावर ठेवली. "कमलाच्या हातची आहे. लसूण-ओव्याची. उशाला ठेव, छाती मोकळी होईल."

त्याने ती नाकाशी नेली, डोळे मिचकावले. "वैनीच्या हातचा लसूण चार वर्षानं बी सणकते! तिचा ठेचा बी असाच होता." मग जरा थांबून म्हणाला, "तुह्याजवळ राहू दे न, मधुकर. तुले तिची आठवण."

"माझ्याजवळ आहे आणखी एक."

तेव्हा त्याने ती उशीखाली सारली.

१७ ऑगस्ट, सकाळ

मोजायला बसलो आणि हसू आलं. आज सगळ्यांनी एकदम सोंग घेतलं आहे! पहिल्या डब्यातले आठही भुंगेरे पाठीवर, पाय पोटाशी. मी हातही लावला नव्हता. टिचकी मारली, हलले नाहीत. लबाड. बरणीतलेही तसेच. अळ्या पानाला चिकटून आहेत, पण खात नाहीत. काल टाकलेली पानं तशीच हिरवी.

कासवंही पडली आहेत. त्यांचा रंग आज वेगळा दिसतो, मळकट, वाळल्या पानासारखा. आभाळ भरून आलं आहे, उजेड नाही, म्हणून असेल. भावनाने सोंगाबद्दल बजावलं होतं, तेव्हा मेलेल्यांच्या रकान्यात शून्य लिहिलं.

हात थरथरतो. ओळी वाकड्या येत आहेत. सकाळचा चहा पोटात टिकला नाही.

नत्थूजी पारावर आला नाही. गिरडला गेला असणार. पाऊस तर उघडला नाही, पण त्याला कोण अडवणार?

१७ ऑगस्ट, दुपार

बाळाचं नाक बंद आहे. रात्रभर कुरकुरली म्हणे. वर्षाली पाळण्यात निजवून मधल्या खोलीत आडवी झाली, नंदिनी विहारात गेली आहे. जाताना खिडकीचे बोळे पुन्हा दाबून गेली.

मी डबा उघडला. वास असा भसकन आला की दोन पावलं मागे सरलो. मग पुरचुंडी पाळण्याच्या दांडीला बांधली, बाळाच्या नाकासमोर वीतभर अंतरावर. कमला बांधायची तशीच, दुहेरी गाठ.

पणती एकदा तोंड वाकडं करून शिंकली, मग थांबली. मी दोरी ओढत राहिलो.

पानाखाली पान, पानाखाली घर
नीज माझ्या बाळे, पाऊस पडे वर

नीज लागली आहे. कुरकुर थांबली. हात-पाय पोटाशी घेतले आहेत, अगदी माझ्या भुंगेऱ्यांसारखे. किती शांत! मला वाटतं कमलाच ह्या खोलीत उभी आहे. छातीत जरा दाटल्यासारखं होतं, ते आठवणीनेच.

डब्यांचा फोटो काढून भावनाला पाठवला. पाळणाही आला त्यात, पुरचुंडीसकट. लिहिलं: "बघ, सगळे सोंग घेऊन पडलेत. पणतीसुद्धा."

तिचा फोन येतो आहे. उचलतो

१९ ऑगस्ट, वर्धा

हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर बाकावर बसून लिहितो आहे. भावना काल सकाळी गडचिरोलीहून आली. वही तिनेच घरून आणली, फक्त शेवटचं पान वाचलं आणि माझ्या हातात दिली. रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"आबा, डॉक्टर विचारून राह्यले, काय काय झालं, केव्हा झालं. क्रमानं लिहा. जे झालं तेच. कविता नाई."

लिहितो.

१७ तारखेला दुपारी अडीचला भावनाचा फोन आला. ती ओरडत होती, "आबा, कासवाचं सोनं उतरलं! ते मेलेत! वास कायचा येते?" मी म्हणालो, लसणाचा, आजीच्या पुरचुंडीचा. ती म्हणाली, "बाळाले उचला. आत्ता. बाहेर व्हा. बोलू नका, उचला." मी उचललं. मान सैल होती, ओठ निळसर. ओसरीत येऊन मी ओरडलो. वर्षाली आली. शेजारच्या कवडूच्या गाडीतून आधी हिंगणघाट, तिथून इथे.

पुरचुंडीत लसूण नव्हता. धान्याला लावायच्या गोळ्या होत्या. दमट हवा लागली की त्यांतून विषारी वायू सुटतो आणि त्याचा वास लसणासारखा येतो. दोरीवर पडलेल्या चिंध्यांतून नंदिनीने कापड घेतलं होतं, गोळ्यांची राख हरभऱ्यात मिसळू नये म्हणून. पोपटी काठाची साडी तिने माझ्या डोळ्यांदेखत फाडली होती. ४ तारखेला मी ते ह्याच वहीत लिहून ठेवलं आहे. मीच लिहिलं आणि मला दिसलं नाही.

ह्यावर उतारा नाही म्हणतात. ऑक्सिजनची नळी, सलाईन आणि वाट बघणं. फॉर्मवर नाव विचारलं, ते ठेवलेलंच नव्हतं. नर्सने "वर्षालीचं बाळ" लिहिलं. मी ठेवायचं होतं नाव.

काचेतून मोजत बसलो. काल सकाळी सहाला, मिनिटाला श्वास चौऱ्याहत्तर. दहाला सत्तर. दुपारी तीनला एकसष्ट. आज पहाटे अठ्ठेचाळीस. आठला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्या वर्षालीशी बोलल्या, आणि वर्षाली भिंतीला टेकून रडायला लागली, पण ते वेगळं रडणं होतं. बाळाने डोळे उघडले आहेत. दूध मागते आहे. वाचली.

नंदिनी माझ्याशी बोलली नाही. दहा वाजता मात्र कपात चहा आणून शेजारी ठेवला. धम्मदीप सकाळच्या बसने वडनेरला गेला, कोठीतलं सगळं बाहेर काढायला. जाताना म्हणाला, "बाबा, आता तुम्ही कायलेच हात लावू नका."

गावातले सगळे येऊन गेले. नत्थूजी तेवढा आला नाही. गिरडहून परतला नसेल, किंवा ऐकून माझं तोंड बघायचं नसेल त्याला. दोन दिवस फोन केलाच नाही मी, कुठल्या तोंडाने करणार?

भावना विचारते आहे, पुढे लिहा, गोळ्या किती होत्या? नंदिनी म्हणते चार. दोन-दोन बांधल्या.

म्हणजे पुरचुंड्या दोन. धम्मदीपचा आत्ता फोन आला, भावनाने उचलला. कोठीत काही सापडलं नाही म्हणतो. पाळण्याची एक कवडूने काठीने उचलून लांब शेतात पुरली. दुसरी घरात कुठंच नाही.

मोजतो.

कोठीत: दोन. मी काढल्या: दोन. पाळण्याला: एक.

लपलेली एक.

१६ तारखेचं पान उलटलं. माझंच अक्षर आहे. "तेव्हा त्याने ती उशीखाली सारली."

भावना ती ओळ वाचून नत्थूजीचा नंबर लावते आहे, दुसऱ्या फोनवरून धम्मदीपला सांगते आहे, पळा, दार फोडा, नाक बांधा. वर्षाली आणि नंदिनी उभ्या राहिल्या आहेत. सगळे माझ्याकडे बघत आहेत.

फोन वाजतो आहे. चौदा वेळा वाजला, आपोआप बंद झाला. पुन्हा लावला.

मी मोजतो आहे.